पुढच्या बैठकीवरचे नारळ

सोलापुरात त्या काळी काय नव्हतं? गिरण्या होत्या, गिरण्यांचे भोंगे होते, चार भाषा होत्या आणि त्या चारींत भांडता येईल असे लोक होते. नव्हतं ते फक्त गावचं स्वतःचं विमान. तेहतीस सालच्या दसऱ्याला तीही उणीव भरून निघाली. सात रस्त्याजवळ राहणारा सूतवाल्यांचा शिवलिंगप्पा मुंबईला सुताचे नमुने बघायला म्हणून गेला, तो तिकडेच राहिला, आणि परत आला तो रेल्वेने नव्हे, वरून आला.

विमान जुनं होतं, लाकडाचं आणि कापडाचं. सूतवाल्याने कापडाचं विमान घ्यावं यात गावाला काही गैर वाटलं नाही. त्यात एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका होत्या. दोन्हींत पायांच्या मधोमध एकेक दांडा, आणि दोन्ही दांडे खालून एकमेकांना जोडलेले. मागचा ओढला की पुढचाही मागे यायचा आणि विमान नाक वर करायचं. एकट्या माणसाने मागे बसायचं, आणि पुढचा दांडा काढून ठेवायचा. एक खिटी उपसली की तो निघत असे.

हे त्याला शिकवणारा साहेब कमी बोलणारा होता. निरोप घेताना मात्र तो थोडा बोलला. कोलांट्या मारायच्या त्या तीन हजार फुटांच्या वर, कारण उंची म्हणजे चूक सुधारायला मिळालेला वेळ. बैठकीत सुटी वस्तू ठेवायची नाही, रुमालसुद्धा नाही. आणि शेवटी म्हणाला, "हे विमान स्वभावाने गरीब आहे. काही सुचेनासं झालं तर दांडा सोडून दे. ते आपणहून सरळ होईल. त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

पहिल्या दोन गोष्टी शिवलिंगप्पाने लिहून घेतल्या. तिसरी त्याला अपमानाची वाटली, म्हणून तो ती विसरला.

मंद्रूपच्या रस्त्याला लागून मोठा माळ होता. तिथे पहिला खेळ झाला. शिवलिंगप्पा शहाण्यासारखा तीन हजार फुटांवर गेला आणि त्याने एकामागून एक सुरेख कोलांट्या मारल्या. खाली लोक कपाळावर हात धरून उभे होते.

"घार हाय की ती," एक म्हातारा म्हणाला. "इमान कुटं हाय?"

दुसऱ्या दिवसापासून बाजारात त्याचं नाव घारशेठ पडलं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताना विचारायचं, "काय घारशेठ, सुताचा भाव आज किती वर गेला? दिसंल का आमाला?" शिवलिंगप्पाचे आजोबा, वडील, सगळे त्या गादीवर बसले होते, कोणाला पक्ष्याचं नाव मिळालं नव्हतं.

त्याच आठवड्यात महिपतराव दुकानात आले. महिपतराव म्हणजे कंत्राटदार, गावातल्या तीन समित्यांचे अध्यक्ष आणि चौथीचे उमेदवार.

"मालक," ते लोडाला टेकत म्हणाले, "तुम्ही वर जे केलंत ते देवाला दिसलं असेल. तिकीट मात्र आमच्या लोकांनी काढलं होतं."

"तेवढी उंची लागते, महिपतराव. नियम आहे."

"नियम मुंबईचा. तिथे माणसं माड्यांवर राहतात, त्यांना वरचं दिसतं. आमच्या लोकांना तुमचं तोंड दिसायला पाहिजे. दिसलं की नाव झालंच म्हणून समजा. नाही तर घार आहेच."

शिवलिंगप्पाने त्या रात्री उंचीचा नव्याने विचार केला. तीन हजाराचे त्याने दोन हजार केले, दोनाचे एक. झोप लागता लागता तो गिरणीच्या चिमणीच्या चौपटीवर येऊन थांबला.

दुसऱ्या खेळाच्या दिवशी माळावर मांडव पडला. सत्कार आधी की नंतर, यावर समितीत वाद झाला होता. एका सभासदाने तो मिटवला. "नंतर ठेवला आणि देव न करो, काही झालं, तर आणलेले शेला-नारळ द्यायचे कुणाला?" हे सगळ्यांना पटलं. सत्कार आधी झाला. तीन समित्यांचे तीन शेले, तीन हार आणि तीन नारळ. तिन्हींच्या वतीने महिपतरावच देणार होते, त्यामुळे भाषणंही तीन झाली.

पार्वतम्मा, शिवलिंगप्पाची बायको, बायकांच्या बाजूला उभी होती. ती अक्कलकोटकडची. तिच्या माहेरी कानडी बोलत, आणि कमी बोलत. ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "ते नारळ इकडे द्या. घरी नेते. चटणीला होतील."

"सत्काराचं श्रीफळ चटणीला?" शिवलिंगप्पा कुजबुजला. "लोक बघतायत."

"मग शेले तरी द्या."

शेले त्याने दिले. नारळ हातात घेऊन तो विमानापाशी गेला. पुढची बैठक रिकामी होती. इतकी चांगली, गादी घातलेली बैठक, देवापुढच्या पाटासारखी. महिपतरावांनी स्वतःच्या हाताने तिन्ही नारळ तिथे मांडले, वर कुंकू लावलं, आणि फोटोवाल्याला हाक मारली. मग तेही क्षणभर आत वाकले आणि पुढचा दांडा मुठीत धरून ताठ झाले, कारण पायलटसारखा फोटो त्यांना दिवाणखान्यात लावायचा होता. दांडा काढायचा राहिला आहे हे शिवलिंगप्पाला आठवलं होतं. पण ज्या दांड्याला अध्यक्ष धरून उभे आहेत तो कसा काढायचा?

विमान उडालं. मांडवावरून इतकं खालून गेलं की झालर उडाली. तोंड सगळ्यांना दिसलं. टाळ्या झाल्या. इंजिनाच्या आवाजात त्या त्याला ऐकू येत नव्हत्या, पण हात हलताना दिसत होते, आणि ते पुरेसं होतं. तो चिमणीच्या चौपटीवर गेला, वेग घेतला आणि कोलांटी घेतली.

पाण्याने भरलेली बादली गरकन फिरवली तर थेंब सांडत नाही, हे विहिरीवरच्या पोरींनाही ठाऊक असतं. अट एकच, वरच्या टोकाला हात रेंगाळता कामा नये. शिवलिंगप्पा नेमका तिथे रेंगाळला. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत त्याला मांडव उलटा दिसला, माणसं उलटी दिसली, आणि आपण आता त्यांना कसे दिसत असू या विचारात त्याचा दांड्यावरचा हात सैल पडला. बादली रेंगाळली.

तिन्ही नारळ बैठकीवरून उठले. एक बाहेर पडला आणि मांडवाचं छत फोडून अध्यक्षांच्या टेबलावर आला. दुसरा कुठे गेला ते कधीच कळलं नाही. पण तो आपल्याकडे आहे असं सांगणारी चार घरं पुढे निघाली. तिसरा आतल्या कडेला आपटला आणि विमान नाक खाली करून परतीला लागलं तसा खाली घरंगळला, तो पुढचा दांडा आणि बैठकीची कड यांच्या बेचक्यात जाऊन बसला.

शिवलिंगप्पाने दांडा मागे ओढला. अर्ध्यात तो थांबला. पुन्हा ओढला. दगडाला दोर बांधून ओढावं तसं वाटलं. त्याने पुढे बघितलं, तर पुढच्या बैठकीच्या तळाशी कुंकू लावलेला तो नारळ त्याला स्पष्ट दिसला. हात पोचणं शक्य नव्हतं. समोर माळ होता आणि माळ मोठा होत होता. आधी तो तपकिरी होता, मग त्यात दगड दिसू लागले, मग दगडांतले काही दगड चालू लागले, आणि त्याला कळलं की ती मेंढरं आहेत.

त्याने आणखी जोर केला. जितका जोर तो करी तितका नारळ घट्ट बसे. चिमणीच्या चौपट उंचीत चूक सुधारायला किती वेळ मिळतो ते साहेबाने त्याला सांगितलं होतं. फारसा मिळत नाही.

तेव्हा शिवलिंगप्पाने आयुष्यातली सर्वांत अचूक गोष्ट केली, आणि ती न ठरवता केली. भीतीने त्याला दिसेनासं झालं, तो "सिद्धरामेश्वरा!" म्हणून ओरडला आणि त्याचे दोन्ही हात दांडा सोडून छातीवरच्या इष्टलिंगाकडे गेले.

दांडा मोकळा झाला. नारळावरचा दाब गेला, नारळ सुटला आणि बैठकीखाली गडगडला. विमान तर स्वभावाने गरीबच होतं. कोणी आडवं येत नाही असं पाहून त्याने आपणहून नाक वर केलं. आणखी थोडी उंची असती तर ते सुखरूप वर गेलं असतं. तेवढी नव्हती. चाकं बांधाला लागून मोडली, पोट घासत विमान लांबवर गेलं, पंखा तुटला आणि बाभळीच्या झुडपात तोंड खुपसून ते थांबलं. मेंढरं दोहोंकडे पांगली.

घोंगडं खांद्यावर टाकलेली एक बाई काठी घेऊन धावत आली. केराबाई तिचं नाव, मेंढरं तिची.

"आरं ए! हितं मेंढरं चरत्यात की! तुला आख्ख्या आभाळात जागा घावली न्हाय व्हय?"

शिवलिंगप्पाने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"मुका हाय वाटतं," केराबाई मेंढरांना म्हणाली.

"मेलो असतो, मावशी," तो शेवटी म्हणाला.

"तू मेला असतास, तर तुज्या हौसंनं. माजी गाभण मेंढी तुज्या हौसंपायी का म्हून मरायची?" मग ती पुढच्या बैठकीत वाकली. "आन् ह्यो नारळ कशाला रं? द्येवाला निगाला हुतास?"

एवढ्यात सायकली आल्या, टांगे आले, आणि सर्वांत पुढे मोटारीतून महिपतराव आले. त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

"दोन्ही हात सोडले!" ते ओरडले. "मी दुर्बिणीतून बघितलं! जमीन समोर, विमान खाली चाललंय, आणि मालक हात जोडून बसलेत! असलं धाडस बापजन्मात बघितलं नाही!"

तो नमस्कार देवाला होता की जनतेला, यावर तिथेच दोन तट पडले. महिपतरावांना मनातून वाटत होतं की तो अध्यक्षांना होता. हातात नारळ धरलेली केराबाई दिसताच त्यांनी तो तिच्याकडून घेतला आणि डोक्याला लावला. "याने वाचवलं! सत्काराच्या श्रीफळाने वाचवलं!"

खरं सांगायला त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. शिवलिंगप्पाने ते जुळवायला घेतलंही. पण तेवढ्यात कोणी तरी त्याला खांद्यावर उचललं, आणि खांद्यावर बसून खरं बोलणं फार अवघड असतं. घारशेठ हे नाव त्या संध्याकाळी पुसलं गेलं.

मुंबईहून येणाऱ्या नव्या चाकांची आणि पंख्याची वाट बघता बघता पौष आला. नारळ महिपतरावांच्या देव्हाऱ्यात होता, त्याला रोज हळदकुंकू लागत होतं. आणि एक दिवस गावभर भिंतींवर कागद चिकटले: सिद्धरामेश्वराच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याला, शिवलिंगप्पा विमानातून हात सोडून मरणझेप घेणार; तीच उंची, तोच नमस्कार, तोच नारळ. शिवलिंगप्पाने ते गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं.

तो घरी आला. पार्वतम्मा भाकऱ्या थापत होती. तो चुलीजवळ बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं: रेंगाळलेला हात, अडकलेला दांडा, न दिसणारे डोळे. ती थापत राहिली.

"मग नको म्हणा," ती म्हणाली.

"कागद लागलेत. आता नको म्हटलं तर लोक काय म्हणतील?"

पार्वतम्माने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. "लोक काय म्हणतील ते ऐकायला तुम्ही असायला नको का?"

"निदान नारळ तरी घ्यावाच लागेल पुढे. नाही घेतला तर देवाचा अपमान म्हणतील. ती बैठक रिकामी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात."

"साकु," ती म्हणाली. पुरे, या अर्थाने तिच्या घरात हा शब्द चाले, आणि तो उच्चारल्यावर विषय संपे. "मग ती रिकामी ठेवायचीच कशाला?"

जत्रेच्या दिवशी माळावर माणूस मावत नव्हता. गड्ड्यातली पाळणेवाली, बांगडीवाली मंडळीही दुकानं उचलून इकडे आली होती. केराबाई घोंगड्या विकायला बसली होती. शिवलिंगप्पाने सकाळीच पुढचा दांडा खिटी उपसून काढला होता. तो घरी स्वयंपाकघरात लाटण्याशेजारी होता.

व्यासपीठावर त्याने एकदा शेवटचा प्रयत्न केला. "मंडळी," तो म्हणाला, "मी त्या दिवशी धाडस केलं नाही. मी घाबरलो होतो. घाबरून माझे हात सुटले. आणि विमान अडकलं होतं ते या नारळामुळेच."

महिपतराव डोळे पुसत उठले. "बघा! याला म्हणतात विनय! आपलं श्रेय टाळण्यासाठी हा माणूस स्वतःला भित्रा म्हणवून घेतो!"

अशा टाळ्या शिवलिंगप्पाने त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. त्या थांबल्या तेव्हा महिपतराव रेशमी रुमालात गुंडाळलेला नारळ घेऊन विमानाकडे निघालेच होते. त्यांच्या मागे आणखी लोक आपापले नारळ घेऊन निघाले.

पुढच्या बैठकीवर पार्वतम्मा बसली होती. इरकली लुगड्याचा पदर खोचलेला, डोक्याला घट्ट रुमाल, कमरेला पट्टा.

"वहिनी, तुम्ही?" महिपतराव म्हणाले. "ही श्रीफळाची जागा आहे."

"असू दे. मला एक सांगा, महिपतराव. नवं काम काढताना नारळ फोडतात, की तसाच ठेवतात?"

"फोडतात, पण…"

"आज विमानाला चाकं नवी आहेत, पंखा नवा आहे."

तिने त्यांच्या हातातून नारळ घेतला, वाकून शिवलिंगप्पाच्या हातात दिला आणि चाकाखाली लावलेल्या दगडाकडे बोट दाखवलं. शिवलिंगप्पाने आयुष्यात इतक्या मनापासून नारळ फोडला नव्हता. आतून तो काळा, नासका निघाला. वास सुटला. हे पाप झालं की पुण्य, ते कोणालाच ठरवता येईना.

"नासका निघणं शुभ असतं," महिपतराव घाईने म्हणाले.

"मग बाकीचे बी फोडा की!" गर्दीतून केराबाई ओरडली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

मग काय, एकेक नारळ त्या दगडावर आपटला, आणि प्रसाद घेण्याच्या गडबडीत पुढच्या बैठकीत काहीच ठेवायचं राहिलं.

विमान वर गेलं. चिमणीच्या चौपटीवर गेलं, लोकांनी श्वास रोखला. ते थांबलं नाही. दहापटीवर गेलं. आणखी वर गेलं.

"निघाले कुठे?" कोणी तरी विचारलं.

तीन हजार फुटांवर शिवलिंगप्पाने पार्वतम्माच्या खांद्याला हात लावून विचारलं, तिने मान हलवली, आणि त्याने एक कोलांटी मारली. वरच्या टोकाला तो रेंगाळला नाही. बादलीतला थेंब सांडला नाही.

खाली त्याच म्हाताऱ्याने कपाळावर हात धरला. "घार," तो म्हणाला. खोबरं चघळत माणसं पाळण्यांकडे, बांगड्यांकडे, शेंगांच्या ढिगांकडे वळली. महिपतरावांनी दुर्बीण पेटीत ठेवली आणि शेजारच्याला विचारलं की कुस्त्या किती वाजता आहेत.

वर विमान सरळ चाललं होतं. शिवलिंगप्पाला साहेबाची तिसरी गोष्ट आठवली. त्याने दांड्यावरून हात काढला, दुसराही काढला आणि दोन्ही मांडीवर ठेवले. विमानाने नाक किंचित वर केलं, किंचित खाली केलं, आणि आपल्या मनाजोगी पातळी सापडल्यावर ते शांतपणे चालू लागलं. पार्वतम्माने मागे वळून बघितलं, त्याच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं आणि काही तरी ओरडून सांगितलं. वाऱ्यात ते उडून गेलं.

उतरले तेव्हा माळावर घोंगड्या आवरणारी केराबाई तेवढी होती. "आलास? मेंढरं त्या अंगाला हैत. सांगायला थांबले हुते, म्हटलं उतरंल परत त्यांच्यातच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची पायरी चढताना पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, "काय घारशेठ, भाव काय?" शिवलिंगप्पाने भाव सांगितला.

दुपारी जेवायला बसल्यावर त्याने पार्वतम्माला विचारलं, "काल वर तू काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही."

तिने त्याच्या ताटात शेंगांची चटणी वाढली.

"हात असेच राहू द्या म्हटलं. तेव्हा फार छान चाललं होतं."